दुसरी टिकली

दिवाळीत आमच्या वाड्यात टिकल्या फोडण्याचे दोन पंथ होते. ज्यांच्याकडे पिस्तूल होतं ती मुलं त्यात रीळ घालून टकाटक वाजवत हिंडायची. आम्हा बिनपिस्तुलवाल्यांनी टिकली फरशीवर ठेवायची आणि वरून दगड घालायचा. एका टिकलीचा आवाज बरा यायचा. पण बऱ्यावर भागवणारं ते वय नव्हे. मग एकावर एक दोन टिकल्या, तीन टिकल्या. कधी खरोखर कानठळ्या बसायच्या. पण पुष्कळदा वरची फुटायची आणि खालची नुसतीच उडून जायची, किंवा दगड तिरका पडून दोन्ही वाया जायच्या. ओसरीवर बसलेली आजी म्हणायची, “अरे, एकच नीट फोड की!”

हे पुस्तक त्या टिकलीच्या थोरल्या बहिणीबद्दल आहे. काडतुसाच्या बुडात जी चकचकीत गोल टोपी बसवलेली असते, जिच्यावर आघात झाला की आतली दारू पेटते, ती म्हणजे प्रायमर. त्यातही विषय आणखी अरुंद आहे: एकोणिसाव्या शतकातल्या घडणीच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या रायफलींसाठी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरताना प्रायमर कोणता निवडावा? एवढ्याशा प्रश्नावर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणीही विचारील. मीही पहिली काही वर्षं तसंच म्हणत होतो. त्या काळात माझी निम्मी काडतुसं वर लागायची, निम्मी खाली, आणि दोष मी वाऱ्याला देत होतो.

आधी या रायफली कुठल्या, ते सांगतो. अमेरिकेच्या सैन्यानं 1873 साली .45-70 हे काडतूस स्वीकारलं. नावातच त्याचा हिशेब आहे: गोळीची जाडी इंचाच्या पंचेचाळीस शतांश आणि दारू सत्तर ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम. वर शिशाची जाडजूड गोळी, आधी 405 ग्रेनची आणि पुढे 500 ची. स्प्रिंगफील्ड, शार्प्स, रेमिंग्टन रोलिंग ब्लॉक, विंचेस्टर हाय वॉल या एकबारी रायफली या आणि अशाच काडतुसांच्या. रानगव्यांचे कळप संपवणारे शिकारी त्या काळात गवताळ मैदानांवर तळ ठोकून रात्री शेकोटीपाशी पुंगळ्या भरत बसत. शिशाच्या कांड्या, दारूची पिंपं आणि प्रायमरच्या डब्या त्यांच्या गाड्यांतून हिंडत. तो धंदा संपला, गवे जवळजवळ संपले, शार्प्स कंपनीही 1881 मध्ये बंद पडली. रायफली मात्र राहिल्या. आज मोंटाना राज्यातल्या बिग टिंबर या छोट्या गावात आणि दूर इटलीत त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवल्या जातात.

त्या वापरणारे आम्ही लोक कुणाचा जीव घेत नाही. आमची शिकार पोलादी पत्र्याची: दोनशे मीटरवर कोंबडी, तीनशेवर डुक्कर, 385 वर टर्की आणि पाचशे मीटरवर मेंढा. कोंबडी उभ्यानं, विनाआधार पाडायची; बाकीची आधार घेऊन. मी दुर्बीण लावत नाही, लोखंडी माशीवरच नेम. या खेळाचं मूळ मेक्सिकोत. काळ्या दारूच्या रायफलींसाठी त्याचे राष्ट्रीय सामने न्यू मेक्सिकोतल्या रॅटनला 1985 पासून सुरू झाले. गोळी लागल्यावर सुमारे दीड सेकंदानं मेंढ्याचा ‘ठण्ण’ असा आवाज परत येतो. तो एकदा ऐकला की माणूस कामातून गेलाच समजावं.

हे पुस्तक मराठीत का, याचं उत्तर सोपं आहे. ही विद्या मी इंग्रजीत शिकलो, पण ती समजली मराठीत. बंदुकीची भाषा आपल्याकडे परकी नाही. नळी, दस्ता, चाप, घोडा, गज, ठासणी, बार, पुंगळी हे सगळे शब्द घरचे आहेत. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असे, त्याला कान म्हणत. कानापाशी ठेवलेली बारीक दारू म्हणजे रंजक. पेटती जामगी रंजकीला लागली की ज्वाला कानातून आत शिरायची आणि मुख्य बार उडायचा. रंजक पेटली पण बार उडाला नाही, तर तो फुसका बार. आणि हा शब्द आपण आजही सभेतल्या भाषणांना लावतो. पुस्तकातला प्रायमर म्हणजे हीच रंजक, पण पितळेच्या वाटीत बंद केलेली. एवढं कळलं की निम्मा विषय कळला.

रंजक वाटीत कशी बंद झाली, ती गोष्ट एका धर्मोपदेशकाची आहे. स्कॉटलंडमधल्या बेल्हेल्वी गावचे अलेक्झांडर फोर्साइथ हे शिकारीचे शौकीन. चकमकीच्या बंदुकीची रंजक भपकन पेटायची, तो उजेड पाहून पाखरं उडायची आणि छर्रे पोचेपर्यंत जागा रिकामी असायची. 1800 साली एडवर्ड हॉवर्ड या रसायनज्ञानं पाऱ्याचं एक स्फोटक संयुग कसं तयार होतं ते जाहीर केलं होतं. अशी संयुगं ठिणगीशिवाय, नुसत्या आघातानं फुटतात, हे फोर्साइथ यांनी हेरलं आणि बंदुकीची नवी कळ बसवून 1807 मध्ये तिचं पेटंट घेतलं. मधल्या काळात लंडनच्या किल्ल्यात बसून ते सैन्यासाठी प्रयोग करत होते. वरचा अधिकारी बदलला आणि नव्या अधिकाऱ्यानं त्यांना घरी पाठवलं. पुढे हाच मसाला तांब्याच्या इवल्या टोपीत भरला गेला आणि चाळीसच्या दशकात ब्रिटिश सैन्याच्या हाती टोपीच्या बंदुका आल्या. 1857 चा उठाव ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसावरून भडकला, ती टोपीचीच. वाद झाला तो कागदी काडतुसाला लावलेल्या चरबीचा. टोपीचं नाव त्यात कुठे येत नाही. एवढीशी असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष व्हायची रीत अशी जुनी आहे.

मोंटानात फोर्साइथ नावाचं एक गाव आहे आणि त्याच्याजवळ दर जूनमध्ये या जुन्या रायफलींची मोठी जत्रा भरते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात म्हटलं, वा, पाद्रीबुवांची आठवण ठेवली लोकांनी! चौकशी केली तर गावाचं नाव भलत्याच फोर्साइथवरून, एका सेनाधिकाऱ्यावरून पडलेलं निघालं.

टोपी आजच्या रूपात काडतुसाच्या आत गेली ती 1866 च्या सुमारास, आणि गंमत अशी की एकाच वर्षी दोन वेगळ्या तऱ्हांनी गेली. अमेरिकेच्या यादवी युद्धात नेमबाजांचं पथक उभारणारे हायरम बर्डन यांनी ऐरण, म्हणजे मसाला जिच्यावर चेचला जातो तो टेकू, पुंगळीच्याच बुडात घडवली आणि तिच्या बाजूंना बारीक भोकं ठेवली. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीत बसवली आणि बुडात मधोमध एकच भोक ठेवलं. पुढे इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेनं उचलली आणि अमेरिकनाची युरोपानं. अमेरिकेत बॉक्सर रुजण्याचं एक कारण आमच्यासारख्यांच्या सोयीचं आहे: मधोमध भोक असल्यामुळे आतून सळई घालून जळकी टोपी एका दाबात बाहेर पडते. बर्डनची टोपी बाहेरून उचकटावी लागते. बॉक्सरचं काडतूस ब्रिटिशांच्या स्नायडर आणि मग मार्टिनी-हेन्री रायफलींतून हिंदुस्थानातही आलं. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला तो 1869 साली, याच पालटाच्या काळात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रायमरमध्ये तीन वस्तू असतात: पातळ धातूची वाटी, तिच्या तळाशी चिमूटभर मसाला आणि त्यावर टेकलेली ऐरण. आघातानं वाटी आत दबते, मसाला ऐरणीवर चेचला जातो आणि ज्वाला भोकातून दारूत शिरते. हा मसाला असतो जेमतेम तीस-चाळीस मिलिग्रॅम. त्यानं पेटवायची दारू त्याच्या शंभरपट आणि वर.

पण दारूदारूत फरक आहे. धुराविना जळणारी आधुनिक दारू हट्टी असते. तिच्या कणांवर ज्वलन मंदावणारा लेप असतो, म्हणून तिला पेटवायला तापलेली, जरा टिकणारी ज्वाला लागते. बाजारातले रायफलींचे प्रायमर तिला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले आहेत. काळी दारू मात्र सोरा, कोळसा आणि गंधक यांची शेकडो वर्षांपूर्वीची त्रयी. पंचाहत्तर, पंधरा, दहा हे तिचं रूढ प्रमाण. ती ठिणगीला आसुसलेलीच असते. म्हणून तिच्या बाबतीत ‘पेटेल का?’ हा प्रश्न सहसा नसतोच. प्रश्न असतो तो ‘दर वेळी सारखीच पेटेल का?’ हा.

कारण काळी दारू पुंगळीत सैल ठेवत नाहीत. लांब नळीतून सावकाश ओतून, वर पुठ्ठ्याची चकती ठेवून ती दाबून बसवतात. आत पोकळी ठेवत नाहीत. बसवलेल्या त्या कणांच्या थरावर बुडातून जोरकस झोत आला, तर थर पेटायच्या आधीच ढकलला जातो, कण चुरडतात, आणि ते दर वेळी सारखेच चुरडतील याची खात्री नाही. गोळीचा वेग थोडा इकडे, थोडा तिकडे. पन्नास मीटरवर हे कळतही नाही. पाचशे मीटरवर, जिथे शिशाची मंद गोळी मोठी कमान घेऊन उतरते, तिथे सेकंदाला दहा-पंधरा फुटांच्या फरकानं गोळी काही इंच वर किंवा खाली लागते. मेंढा तसाच उभा राहतो आणि आपण वाऱ्याला शिव्या देतो. 1874 साली लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरला अमेरिकेनं आयर्लंडला हरवलं ते 934 विरुद्ध 931 असं, अवघ्या तीन गुणांनी. हजार यार्डांपर्यंतच्या या खेळात ‘थोडासा फरक’ नावाची गोष्ट नसते.

दुकानात साधारण चार पर्याय समोर येतात. रायफलीचा मोठ्या मापाचा साधा प्रायमर. त्याचाच निवडक, सामन्यांसाठी अधिक काळजीनं बनवलेला भाऊ. जास्त मसाल्याचा किंवा जास्त गरम ज्वालेचा मॅग्नम. आणि पिस्तुलाचा मोठ्या मापाचा प्रायमर, ज्याची ज्वाला मवाळ. यांवरून जुन्या खेळाडूंत दोन तट आहेत आणि दोघांकडेही पदकं आहेत. एक तट म्हणतो, मॅग्नम वापरा, दारू पुरती जळते, कीट कमी साचतं. दुसरा म्हणतो, मवाळ ज्वाला वापरा, वेग एकसारखा राहतो. काही जण तर साध्या प्रायमरचीही धार बोथट करतात: पुंगळीच्या तळाशी, भोकावर, वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक गोल चकती बसवतात. ज्वाला कागद फाडून आत जाते आणि जाताना जरा नरमते. शिवाय दारूचे कण भोकात उतरत नाहीत.

मी साहजिकच मॅग्नमवाल्यांत होतो. वाड्यातली दुसरी टिकली अंगात मुरलेली. आवाज छान यायचा, धूर छान यायचा, भोकं मात्र वर-खाली एका उभ्या रांगेत पडायची. शेजारच्या टेबलावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, “तू दारू पेटवतोयस की तिला दम देतोयस?” दुसऱ्या आठवड्यात मी पिस्तुलाच्या प्रायमरवर गेलो आणि नव्यानं बाटलेल्याच्या उत्साहानं तोंडावर आपटलो. दहातली तीन काडतुसं नुसती ‘टक’ करून गप्प. प्रायमरला नावं ठेवत घरी आलो. मग पट्टी घेऊन बसलो तेव्हा कळलं की दोन्ही प्रायमरांचा व्यास सारखाच, इंचाच्या दोनशे दहा सहस्रांश; पण पिस्तुलाचा उंचीला साधारण पाव मिलिमीटरनं कमी. रायफलीच्या पुंगळीत तो तेवढा खोल बसतो. माझ्या रायफलीच्या घोड्याची कमान थकलेली, प्रायमरवर आदळणारा खिळा तिथवर जेमतेम पोचत होता. त्यात मी बसवतानाही हात राखून बसवले होते. ऐरण तळाला पक्की टेकली नसेल तर पहिला आघात प्रायमर बसवण्यातच खर्च होतो. दुसऱ्या आघाताला तोच प्रायमर मुकाट्यानं फुटतो. दोष मालाचा नव्हता, कारागिराचा होता. पिस्तुलाच्या प्रायमरची वाटी पातळही असते. काळ्या दारूचा दाब बेताचा असल्यामुळे सहसा निभावतं, पण खिळ्याचं टोक खरबरीत असेल तर वाटीला भोक पडून तप्त वायू मागे येऊ शकतो. म्हणून आधी रायफल तपासावी, मग प्रायमर बदलावा.

मग मवाळ ते चांगलं, हाच या पुस्तकाचा निष्कर्ष का? तसं असतं तर हे पान पुरलं असतं. काळ्या दारूऐवजी तिच्यासारख्या ज्या पर्यायी भुकट्या मिळतात, त्या पेटायला काळ्या दारूपेक्षा जड असतात. तिथे जास्त गरम प्रायमर हाच शहाणपणा ठरतो. पुंगळी लांब आणि दारू भरपूर असेल तेव्हा कुणाची रायफल मॅग्नमवरच शांत होते. माझ्या .45-70 ला अखेर मानवला तो साधा रायफलीचा प्रायमर आणि कागदाची चकती. माझ्याच दुसऱ्या रायफलीला ती चकती खपत नाही. याचं कारण मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. कागदावरची भोकं मात्र दाखवता येतील.

म्हणून पुस्तकाचा मोठा भाग ‘काय निवडावं’ यापेक्षा ‘कसं निवडावं’ यावर खर्च झाला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुंगळ्या एकाच खेपेच्या, भोकं एका मापाची, गोळी एकाच साच्यातली, दारू एकाच पिंपातली. प्रत्येक बारानंतर नळीतलं कीट एकाच रीतीनं ओलवावं: कुणी फडकं मारतं, कुणी नळकांडं लावून आपला श्वास आत फुंकतं, पण तीन फुंकर तर तीनच, एकदा तीन आणि एकदा पाच असं नाही. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. ते कीट सारखं राखलं नाही, तर प्रायमरमधला बारीक फरक त्याखाली गाडला जातो आणि आपण भलत्यालाच श्रेय किंवा दोष देतो. वेगमापक यंत्र जवळ असेल तर उत्तम. नसेल तर दूरचा कागद खोटं बोलत नाही.

एक प्रकरण जुन्या प्रायमरांच्या रसायनावर आहे, कारण त्यात एक सुरेख कोडं दडलं आहे. जुन्या मसाल्यात पारा असे आणि असा क्षार असे, जो जळल्यावर नळीत मिठासारखा उरून गंज चढवी. तरी काळ्या दारूच्या काळात त्याची ओरड फारशी नव्हती. आधुनिक दारू आली आणि नळ्या गंजू लागल्या, पुंगळ्या ठिसूळ होऊन तडकू लागल्या. गुन्हेगार नवा नव्हता, आडोसा गेला होता. काळ्या दारूच्या भरमसाट कीटात पारा विखरून जायचा. आणि ते कीट काढायला पाणी लागतंच, त्याच पाण्यानं क्षारही धुतला जायचा. आजच्या प्रायमरांत हे दोन्ही दोष राहिलेले नाहीत, पण काळी दारू वापरली की नळी त्याच दिवशी पाण्यानंच धुवायची.

निवडीचं स्वातंत्र्य दर वेळी असतंच असंही नाही. 2020 नंतरची दोन वर्षं अमेरिकेत प्रायमरची अशी टंचाई झाली की दुकानदार सांगेल तो आपला. तेव्हा मी धडा घेतला तो असा: जो मिळेल तो घ्यावा, पण पुरेसा एकाच खेपेचा घ्यावा आणि रायफल त्याच्याशी नव्यानं जुळवावी. दर महिन्याला नवा प्रायमर वापरण्यापेक्षा दुय्यम प्रायमरशी इमान राखणं फायद्याचं ठरलं.

आता पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. प्रायमर घरी कसा बनवावा हे इथे नाही आणि कुणी विचारूही नये. तो कारखान्यातच बनावा आणि मूळ खोक्यातच राहावा. जुन्या रायफलीत आधुनिक दारू भरण्याचे प्रयोगही नाहीत. त्या नळ्या त्या दाबासाठी घडलेल्या नाहीत. बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावं, रेंगाळलेला बार उशिरा उडू शकतो. ही सूचना प्रत्येक प्रकरणात पुन्हा येते आणि त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. भारतातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको की तिथे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतूस बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, मग भरण्याची गोष्टच सोडा. त्यांनी हे पुस्तक ठासणीपासून काडतुसापर्यंतची हकिगत म्हणून वाचावं. संग्रहालयातल्या काचेमागची बंदूक मग नुसती शोभेची वाटणार नाही. तिचा कान कुठे, रंजक कुठे, हे डोळे आपोआप शोधू लागतील.

गेल्या वर्षी नात पहिल्यांदा माझ्याबरोबर मैदानावर आली. कानांवर मोठाले पडदे लावून मागे बसली होती. मेंढा पडला, धूर विरला, तेव्हा तिनं बाकावरच्या खोक्यातल्या टोप्यांकडे बोट दाखवून विचारलं, “आजोबा, यातल्या दोन लावल्या तर अजून मोठा आवाज येईल?” मी हसलो, मग वही उघडून तिला दोन कागद दाखवले. एकावर भोकांची उभी रांग, दुसऱ्यावर मुठीएवढा पुंजका. “यातला मोठ्या आवाजाचा कुठला, ओळख,” म्हटलं. तिनं दोन्ही नीट न्याहाळले आणि रांगेवर बोट ठेवलं.